शिंप्याच्या जबाबाची फीत

३ फेब्रुवारी, मंगळवार

आणि वर म्हणतो घरभेद्या! मी! दोन वर्षं झाली तरी दादाचं तेच. आज जेवणाच्या सुट्टीत फोन केला. तब्येत कशी, काम कसं, काही नाही – सरळ तिथेच. तू तोंड उघडलं नसतंस तर आज माझा स्वतःचा धंदा असता म्हणे. अरे, पण गाळा बाबांचा. बाबांनंतर आईच्या नावावर. तिला न विचारता तू गाळा विकायचा इसार घेऊन बसलास, फक्त तिची सही तेवढी बाकी ठेवलीस. मी आईला सांगितलं तर मी घरभेद्या? मग काय, तोंड शिवून बसायचं होतं?

हे फोनवर बोललो नाही. फोनवर मी नुसतं 'हं' म्हणतो. बोलायचं ते या वहीत. वही उलटून बोलत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

दफ्तरखान्यात प्रदर्शन भरायचंय. नाव ठेवलंय 'द्रोहाचा इतिहास'. जुन्या राजवटीत ज्यांच्यावर राजद्रोहाचे खटले झाले त्यांचे कागद काचेत मांडायचे. म्हणजे माझ्या कमरेची वाट. तळघरातून गठ्ठे वर आणायचे मी, परत खाली न्यायचे मी. सातवी नापास माणसाला इतिहासाचं वजन कळतं ते किलोत.

मांडणी करायला विद्यापीठातून एक बाई आल्यात. चांगल्या आहेत, विचारलं तर सांगतात. आज मी विचारलं, की काही जबाबांना लाल फीत आणि काहींना पांढरी, असं का? तर म्हणाल्या, तीच तर खूण. लाल फीत बांधलेला जबाब आरोपीचा – मारून वदवलेला. पांढरी म्हणजे खबऱ्याचा – पैसे देऊन घेतलेला. खबऱ्या कोण ते कागदावर कुठेच लिहायचं नाही, असा त्या वेळच्या कारकुनांना हुकूम होता. दोन्ही जबाब एकाच छापाचे. वाचून फरक कळत नाही. फितीवरूनच ओळखायचं.

मग त्यांनी शिंप्याचा गठ्ठा सोडायला घेतला, आणि थांबल्या.

शिंपी म्हणजे इथला मोठा माणूस. छावणीतल्या सैनिकांचे गणवेश शिवायचा. तसेच गणवेश त्यानं बंडवाल्यांना शिवून दिले, ते घालून ते छावणीत शिरणार होते. आधीच पकडले गेले. शिंपी तुरुंगातच वारला. राजवट गेल्यावर लोकांनी त्याच्या नावानं रस्ता केला. मी रोज त्याच रस्त्यानं कामावर येतो.

त्याच्या जबाबाला पांढरी फीत होती. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. हळूच म्हणाल्या, म्हणजे हा फितूर होता.

मी आमच्या बाइंडरकडे, मामाकडे बघितलं. मामा खिडकीबाहेर बघत होता.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लिहूनच काढतो, नाहीतर डोक्यात भुंगा बसेल.

डिसेंबरात तळघरातला नळ फुटला. मी आणि मामाच होतो. मामा म्हणजे आमचा बाइंडर, सगळे त्याला मामाच म्हणतात. फाटलेली पानं चिकटवतो, सुटलेली शिवतो. मला ही नोकरी त्यानंच लावून दिली. खालच्या फळीवर तीन गठ्ठे होते. दोन जमीनमोजणीचे, तिसरा शिंप्याचा. पाणी चढत होतं. मामानं शिंप्याचा गठ्ठा उचलला आणि कात्रीनं फीत कापली. लाल फीत. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. म्हणाला, लाल सुताचा रंग सुटतो, ओल्या कागदावर उतरला की जन्मात निघत नाही. मग टिपकागदात घालून पानं वाळवली आणि रिळातली कोरी पांढरी फीत बांधली. एक डाग पडला नाही. मला वाटलं, काय हात आहे या माणसाचा!

कापलेली फीत कचऱ्यात मीच टाकली.

फीत बदलली तर दुरुस्तीच्या वहीत नोंद करायची, असं साहेबांचं परिपत्रक आहे. मामा म्हणाला, उद्या लिहितो. तो उद्या काही उजाडला नाही.

रंग सुटतो म्हणून ओल्या गठ्ठ्याची लाल फीत सगळेच बाइंडर आधी कापतात. काम चोख केलं, आणि त्या चोख कामानंच माणूस फितूर ठरला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मामानं मला मागच्या टपरीवर चहाला नेलं. स्वतःहून पैसे दिले. तेव्हाच समजलो.

इकडचं तिकडचं बोलत बसला. त्याला जूनमध्ये पेन्शन लागणार. मागच्या साली एक मेमो मिळालाय, नोंद केली नाही म्हणूनच. दुसरा मिळाला तर पेन्शन अडकते. मामी डायलिसिसवर. हे मला माहीत आहे, मी रविवारी त्यांच्याकडे जेवतो. मामी स्वतः पथ्याचं खाते आणि मला वाढताना म्हणते, संकोच करू नको, तू खाल्लंस की मला चव कळते.

शेवटी म्हणाला, "त्या दिवशी अंधार होता. तुला रंग दिसला नसेल नीट."

मी म्हटलं, दिवा मीच धरला होता.

"मग डोळे मिटून धरायचा होतास," म्हणाला आणि हसला. मीही हसलो. का हसलो कोण जाणे.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज दिवसभर दोघंही एकमेकांशी फक्त गोंद आणि दोऱ्याबद्दल बोललो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शिंप्याची मुलगी आली होती. साहेबांनीच बोलावलं. प्रदर्शनात अचानक बघायला लागू नये, आधी कानावर घालावं, म्हणून. सत्तरीच्या पुढची बाई. हातात काठी, पण चाल ताठ. मी पाणी नेलं तेव्हा साहेब बोलत होते – कागद जे सांगतो ते मांडणं आमचं काम, कोणाचा अपमान करायचा नाही वगैरे. विद्यापीठाच्या बाई मान खाली घालून बसल्या होत्या. हे सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

म्हातारीनं विचारलं, पण ते तर तुरुंगात मेले. खबऱ्याला कोण तुरुंगात ठेवतं?

बाई म्हणाल्या, ठेवायचे आजी, बाकीचे कैदी काय बोलतात ते ऐकायला.

बघा. एकदा पांढरी फीत बांधली की सगळं त्या बाजूनंच दिसायला लागतं. मरणसुद्धा.

मी पेला उचलायला वाकलो. जिभेवर आलं होतं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, अजून इथे का उभा, अशा नजरेनं. बाहेर आलो.

११ फेब्रुवारी, बुधवार

काचेखाली लावायची पाटी छापून आली. मी अक्षर लावत लावत वाचली. 'जनमानसात हुतात्मा मानला गेलेला हा कारागीर प्रत्यक्षात राजवटीचा पगारी खबऱ्या असल्याचे दस्तऐवजावरून दिसते. त्याच्या जबाबामुळे पाच जणांना फाशी झाली.'

पाच जण. म्हणजे नावं त्यानं सांगितली, हे खरंच आहे. लाल फीत असती तरी सांगितलीच असती. फरक एवढाच की मार खाऊन की पैसे घेऊन. कागद तोच, नावं तीच, पाच माणसं मेली ती मेलीच.

मग मी का एवढा तडफडतोय? माझा कोण लागतो तो?

खरं सांगायचं तर मला मामाचा राग येतोय, आणि ज्याचं खाल्लं त्याचा राग येतोय म्हणून स्वतःचाही येतोय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आईला फोन केला. दादा घरी नसेल अशी वेळ बघून. तिला नावगाव न सांगता विचारलं – एखादी गोष्ट खरी आहे, पण सांगितली तर एका चांगल्या माणसाचं नुकसान होईल, तर सांगावी का?

ती म्हणाली, "गाळ्याचं तू मला सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, अगं, तुझ्याच भल्यासाठी सांगितलं ना!

"हो रे. गाळा राहिला. पण तुझी वहिनी आता माझ्याशी बोलत नाही, दादा तिच्या तोंडाकडे बघून बोलतो, आणि तू तिकडे जाऊन बसलास. गाळ्याला काय मी जेवायला वाढू?"

ज्याच्यासाठी तोंड उघडावं त्यालाच ते नको असतं. मग ती म्हातारी तरी? तिलाही नकोच असेल कदाचित. मामा म्हणतो तसं डोळे मिटून दिवा धरणं जमायला हवं.

१५ फेब्रुवारी, रविवार

मामाकडे जेवायला गेलो नाही. पोट बिघडलं म्हणून कळवलं. मामीनं डबा पाठवला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

म्हातारी परत आली. एकटीच. म्हणाली, छापलेलं नको, मला त्यांचा कागद बघायचाय. नियमानं वारसाला बघता येतो. साहेबांनी परवानगी दिली आणि मला सांगितलं, समोर बस, पान हातात देऊ नकोस.

वाचनालयात आम्ही दोघंच. मी फीत सोडली. पांढरी, कोरी करकरीत. साठ वर्षांपूर्वीच्या कागदावर डिसेंबरातली फीत! आणि हे कोणालाच कसं दिसत नाही? पण बदललेल्या फिती इथे ढिगानं आहेत. ज्या रंगाची निघाली त्याच रंगाची बांधायची, असा नियम आहे. नियम पाळला असेल असं धरूनच सगळे चालतात.

तिनं वाचलं नाही. नुसती सही बघत बसली. सही शेवटाकडे खाली घसरत गेलीय. म्हणाली, "त्यांची शिवण कधी अशी वाकडी जायची नाही."



मग तिनं विचारलं, मी इथलाच का. नाही म्हटलं. मग बरं, म्हणाली, तुझ्याशी बोलायला हरकत नाही. सांगत बसली. ती शाळेत जायची तेव्हा मास्तर तिला वेगळ्या बाकावर बसवायचे, द्रोह्याची पोर म्हणून. तिच्या आईला कोणी शिलाई देईना. मग राजवट गेली, आणि त्याच मास्तरांनी तिला व्यासपीठावर बसवून हार घातला. आता हे. "तीनदा बाप बदलला माझा," म्हणाली. "मी मात्र तीच आहे. बापाला ओळखायला दर वेळी मला दुसऱ्यालाच विचारावं लागतं."

काठी उचलली. जाताना म्हणाली, मुलाला म्हटलंय दारावरची पाटी काढून टाक. घराला शिंप्याचं नाव दिलं होतं त्यांनी. उद्घाटनानंतर लोकांनी येऊन काढण्यापेक्षा आपणच काढलेली बरी.

मी गठ्ठा बांधायला घेतला. गाठ बसेना.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मामाशी बोललो. बाइंडिंगच्या खोलीत, दार लावून. म्हटलं, मामा, शुक्रवारपर्यंत तुम्हीच साहेबांना सांगा. चूक झाली, रंग सुटेल म्हणून बदलली, नोंद राहिली. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगणार.

तो खळ ढवळत होता. ढवळतच राहिला.

"मला मुदत देतोस?"

मी म्हटलं, देत नाही, मागतोय.

"तुला इथे कोणी आणलं?"

"तुम्ही."

"खोली मिळेपर्यंत कोणाकडे झोपलास?"

"तुमच्याकडे."

"बरं. एवढंच विचारायचं होतं." मग ब्रश धुवायला ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मेलेल्या माणसाचं नाव सावरायला निघालास, आणि जी बाई अजून जिवंत आहे तिचं मशीन बंद पाडतोयस. वा!"

मामीचं नाव घ्यायला नको होतं त्यानं.

किंवा घ्यायलाच हवं होतं. तेच तर खरं आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मामा आज रजेवर. का, ते कोणालाच माहीत नाही. मामीला फोन करावासा वाटला. केला नाही.

उद्या साहेबांना काय म्हणायचं ते मनात घोकतोय. 'साहेब, एक सांगायचं होतं.' त्याच्या पुढे गाडी सरकत नाही. दर वेळी दादाचा आवाज मध्येच येतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी मी जायच्या आधीच साहेबांनी बोलावलं. टेबलावर एक कागद होता. मामाचं अक्षर. मामा दाराजवळ उभा, नजर माझ्या चपलांवर.

साहेब म्हणाले, मामांनी काल घरी येऊन लिहून दिलंय. शिंप्याच्या जबाबाची फीत मूळची लाल होती.

माझ्या छातीवरचा दगडच उतरला. सांगितलं त्यानं! मी उगाच त्याच्याबद्दल काय काय मनात आणलं. मी 'हो साहेब' म्हणूनसुद्धा टाकलं.

मग साहेबांनी पुढचं वाचलं. नळ फुटला त्या दिवशी मामा वरच्या मजल्यावर होते. फीत मी बदलली, त्यांना न विचारता. नोंद करायची असते हे मला माहीत नव्हतं. मला नोकरी जायची भीती वाटत होती म्हणून मी गप्प होतो, आणि त्यांना नंतर कळलं तरी पोरावर दया म्हणून तेही गप्प राहिले. आता राहवत नाही.

मी मामाकडे बघितलं. नजर चपलांवरून हलली नाही.

साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, तुला हे मान्य असेल तर इथे सही कर. ज्यानं फीत बदलली त्याचा कबुलीजबाब आणि साक्षीदाराचं म्हणणं, दोन्ही जुळली की मला माझ्या अधिकारात टिपण लावता येतं. उद्याच पाटी काढतो, नवी छापतो, त्या आजींना स्वतः फोन करतो. पण मान्य नसेल, तू एक म्हणतोस आणि मामा दुसरं, तर कोण खरं ते मी ठरवू शकत नाही. समिती बसवावी लागेल. समितीला वर्षही लागेल. तोवर दोघांचंही म्हणणं पुराव्यात धरता येत नाही, म्हणजे फीत लाल होती हेच मुळात वादात, आणि कागद जसा आहे तसाच मांडायचा. मंगळवारी उद्घाटन.

"तू कंत्राटी आहेस," असंही म्हणाले, समजावल्यासारखं. "तुझं कंत्राट संपेल, बाकी काही होणार नाही. मामांचं मात्र..."

मी तोंड उघडलं. दिवा मी धरला होता, कात्री त्याच्या हातात होती, एवढंच म्हणायचं होतं. दोन वाक्यं. खरी.

साहेब म्हणाले, घाई नको, उद्या सकाळी सांग.

खोलीवर येऊन उशीत तोंड घालून शिव्या दिल्या. मामाला जितक्या येतात तितक्या. मग दमलो. काय माणूस आहे! फीत लाल होती, हे खरं सांगितलं. हात कोणाचा, ते खोटं. शिंप्याला सोडवलं आणि मला विकलं, एकाच कागदात. आणि सफाई अशी की एक डाग पडला नाही.

मी उद्या खरं सांगितलं तर माझं खरं होईल, म्हातारीचं खोटंच राहील. तिचा मुलगा दारावरची पाटी काढेल. मी वर्षभरानं जिंकेन. कदाचित.

दादा इथे असता तर म्हणाला असता, आता का रे वाचा बसली, घरभेद्या?

२१ फेब्रुवारी, शनिवार

सही केली. 'कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने' हे छापीलच होतं, मी लिहिलं नाही. काचेतली पाटी मीच काढली. दुपारी त्यांनी माझ्या वीस दिवसांच्या पगाराचा हिशोब करून दिला. खोलीचं भाडं दिलं. उरले ते दर महिन्यासारखे दादाच्या खात्यावर पाठवतोय. या वेळी कमी का, असं आई विचारेल. तिला काही सांगणार नाही. तीन हजार दोनशे चाळीस.